आधी पहिली बढती तपासा: संचालक मंडळांना आणि मनुष्यबळ प्रमुखांना खुले पत्र

माननीय अध्यक्ष, संचालक, नामांकन समित्यांचे सदस्य आणि मनुष्यबळ विभागप्रमुख,

सप्रेम नमस्कार.

कंपन्यांच्या वार्षिक अहवालात दोन आकडे ठळक छापलेले असतात: एकूण कर्मचाऱ्यांत महिला किती टक्के आणि संचालक मंडळात किती. या दोन आकड्यांच्या मधल्या पाच-सहा श्रेणी, म्हणजे टीम लीडरपासून उपाध्यक्षापर्यंतची सगळी उतरंड, अहवालात बहुधा कोरीच राहते. बढत्या तिथेच होतात आणि तिथेच अडतात. आम्ही मूल्यमापन, बढती आणि वेतनरचना या कामांत असलेली माणसे आहोत आणि हे पत्र त्या कोऱ्या जागेबद्दल आहे. महिला आणि अल्पसंख्य गटांतील कर्मचारी, मग ते वर्णाने, धर्माने, जातीने, भाषेने वा अपंगत्वामुळे संख्येने कमी असोत, वरच्या पदांवर दिसत नाहीत याचे मोठे कारण पहिल्या-दुसऱ्या बढतीच्या रोजच्या कार्यपद्धतीत आहे. ती कार्यपद्धती बदलण्याचा अधिकार आपल्याकडे आहे, म्हणून हे पत्र आपल्याला.

पहिली विनंती मोजणीची. श्रेणीवार तक्ता मागवा. प्रत्येक श्रेणीसाठी चार आकडे लागतात: वर्षाच्या सुरुवातीला बढतीला पात्र किती होते, त्यांतल्या किती जणांना बढती मिळाली, वरच्या श्रेणीत थेट बाहेरून किती घेतले आणि नोकरी सोडून किती गेले. हे चारही आकडे स्त्री-पुरुष असे वेगळे हवेत आणि जिथे कर्मचाऱ्यांनी स्वतःहून माहिती दिली आहे तिथे समाजगट व अपंगत्वानुसारही वेगळे हवेत. मग बढतीचा दर काढा. समजा, एका श्रेणीत पात्र पुरुष 120 आणि पात्र महिला 80 आहेत. बढती 18 पुरुषांना आणि 8 महिलांना मिळाली. पुरुषांचा दर 15 टक्के, महिलांचा 10 टक्के, गुणोत्तर 0.67. अमेरिकेत 1978 पासून सरकारी मार्गदर्शक तत्त्वांत चार-पंचमांशाचा नियम आहे: एखाद्या गटाचा निवडीचा दर सर्वाधिक दर असलेल्या गटाच्या 80 टक्क्यांहून कमी असेल तर निवडीची पद्धत तपासावी. या नियमाने अन्याय सिद्ध होत नाही, पण कुठे थांबून बघायचे ते कळते. माणसे थोडी असतील तर एका वर्षावरून काही ठरवू नका. तीन वर्षांचे आकडे एकत्र करा.

हा तक्ता करताना नेहमी होणारी चूक म्हणजे छेद चुकीचा घेणे. 'यंदाच्या बढत्यांत 30 टक्के महिला' हे ऐकायला बरे वाटते, पण पात्र लोकांत महिला 45 टक्के असतील तर हाच आकडा काळजीचा आहे. त्याहून सूक्ष्म चूक म्हणजे 'पात्र' याचा अर्थ 'साहेबाने शिफारस केलेले' असा धरणे. तसे केले की मुख्य चाळणी तक्त्यात दिसतच नाही, कारण ती शिफारशीच्या वेळीच लागून गेलेली असते. श्रेणीत ठरलेला किमान काळ पूर्ण केलेला प्रत्येक जण पात्र धरा. शिफारस झालेले किती, हा वेगळा स्तंभ ठेवा. पाणी नेमके कुठे मुरते ते या दोन स्तंभांतल्या फरकातून कळते.

तफावत छोटी आहे म्हणून सोडून देऊ नका. स्त्री-पुरुष समसमान संख्येने भरती झाले आणि प्रत्येक पायरीवर महिलांचा बढतीचा दर पुरुषांच्या 80 टक्के राहिला असे समजू. चार बढत्यांनंतर 0.8 चा चौथा घात उरतो, म्हणजे सुमारे 0.41. वरच्या श्रेणीत 100 पुरुषांमागे 41 महिला, एकूणात 29 टक्के. यात कुणी उघड पक्षपात केलेला असेलच असे नाही. प्रत्येक खोलीत थोडे थोडे झुकते माप पडले की पुरते. अमेरिका व कॅनडातील कंपन्यांची मॅकिन्झी आणि लीनइन या संस्था दरवर्षी पाहणी करतात. 2024 च्या पाहणीत व्यवस्थापकपदाच्या पहिल्या बढतीत 100 पुरुषांमागे 81 महिला असे प्रमाण होते. कृष्णवर्णीय महिलांसाठी ते 54 होते. म्हणून तक्ता एकाच अक्षावर मांडून थांबू नका. 'महिला' आणि 'अल्पसंख्य' असे दोनच वेगळे रकाने केले तर अल्पसंख्य गटातली महिला दोन्हीकडच्या सरासरीत लपते.

गेली तीसेक वर्षे लक्ष शिखरावर राहिले, हे आम्हाला समजते. अमेरिकेत 1991 च्या नागरी हक्क कायद्याने 'काचेच्या छता'बद्दल, म्हणजे वरच्या पदांकडे जाताना आड येणाऱ्या न दिसणाऱ्या अडथळ्याबद्दल, एक आयोग नेमला. त्या आयोगाच्या 1995 च्या अहवालात देशातील सर्वांत मोठ्या कंपन्यांच्या वरिष्ठ व्यवस्थापकांपैकी 95 ते 97 टक्के पुरुष आणि 97 टक्के श्वेतवर्णीय आढळले. त्यानंतर अनेक देशांनी संचालक मंडळापासून सुरुवात केली. नॉर्वेने 2003 मध्ये कायदा करून मोठ्या सार्वजनिक कंपन्यांच्या मंडळांत 40 टक्क्यांची अट घातली आणि 2008 पर्यंत ती अमलात आणली. भारतात 2013 च्या कंपनी कायद्याने सूचिबद्ध कंपन्यांना किमान एक महिला संचालक सक्तीची केली. ती जागा काही ठिकाणी प्रवर्तकांच्या घरातच गेली, तेव्हा सेबीने स्वतंत्र महिला संचालकाची अट आणली आणि 1 एप्रिल 2020 पासून ती बाजारमूल्यानुसार पहिल्या 1,000 कंपन्यांना लागू झाली. युरोपीय संघाच्या 2022 च्या निर्देशानुसार 30 जून 2026 पर्यंत बिगर-कार्यकारी संचालकांत 40 टक्के किंवा सर्व संचालकांत 33 टक्के जागा कमी संख्येच्या लिंगगटाला मिळायला हव्यात. हे सगळे योग्यच आहे. पण नॉर्वेतील परिणामांचा मरिअन बर्ट्रांड आणि सहकाऱ्यांनी अभ्यास केला तेव्हा मंडळाखालच्या श्रेणींतील महिलांच्या वाटचालीत या कायद्याने ठळक फरक पडल्याचे दिसले नाही. आधी कळस मग पाया, असे झाले की कळस उभा राहतो, पाया मात्र आपोआप भरत नाही.

आता घोडे कुठे अडते ते पाहू. सुरुवात अप्रेझलच्या बरीच आधी, कामाच्या वाटपात होते. प्रत्येक कार्यालयात बढतीला उपयोगी न पडणारी कामे असतात: बैठकीचे इतिवृत्त लिहिणे, नव्यांना रुळवणे, कार्यक्रमांचे आयोजन, समितीचे कागद पुरे करणे, अडलेल्या सहकाऱ्याचे सादरीकरण नीट करून देणे. लिंडा बॅबकॉक आणि सहकाऱ्यांच्या 2017 च्या संशोधनात अशा कामाला महिला अधिक वेळा पुढे होतात असे दिसले आणि विचारणारा पुरुष असो वा स्त्री, विचारणाही महिलांनाच अधिक होते असेही दिसले. 'तिने नाही म्हणायला शिकावे' हा त्यावरचा उपाय नव्हे, कारण नाही म्हटल्याची किंमतही तीच मोजते. अशा कामांची यादी विभागाच्या फलकावर लावा, पाळी ठरवा आणि स्वेच्छेने कोण पुढे येतो असे विचारणे बंद करा. यादी दहा-बारा कामांहून मोठी होत नाही. पहिल्या दोन महिन्यांत पाळी मोडली जाते, कारण 'तिचे इतिवृत्त चांगले असते' असे म्हणत सगळे पुन्हा तिच्याकडे येतात. विभागप्रमुखाने तेव्हा ठाम राहायला हवे.

दुसऱ्या बाजूला ज्या कामातून माणूस वर जातो ती कामे मोजकी असतात: नफा-तोट्याची थेट जबाबदारी, मोठ्या ग्राहकाचे खाते, तोट्यातला विभाग सावरणे, नवा कारखाना किंवा नवी बाजारपेठ उभी करणे. मुख्याधिकाऱ्याच्या खुर्चीकडे जाणारी वाट बहुतेक वेळा विक्री, उत्पादन किंवा वित्त विभागातून जाते. महिला वरिष्ठ झाल्या तरी मनुष्यबळ, संपर्क, कायदा या बाजूला साठत जातात. आपल्या कंपनीत अशी कळीची पदे वीसपेक्षा जास्त नसतील. त्यांची यादी करा आणि मागच्या पाच वर्षांत त्या पदांवर कोण कोण बसले ते समोर ठेवा. पुढे ही पदे रिकामी होतील तेव्हा 'माझ्या डोक्यात एक नाव आहे' या पद्धतीने भरू नका. किमान दहा कामाचे दिवस अंतर्गत सूचना लावा आणि सूचनेत कामाचे निकष लिहा. जिथे अनुभवाची अट आहे तिथे ती कुणाला मिळू शकते हेही पाहा. उपप्रमुखाची जागा कधी दिलीच नाही आणि नंतर 'लाइनचा (म्हणजे विक्री-उत्पादनासारख्या थेट जबाबदारीचा) अनुभव नाही' म्हणून नाव वगळले, हे फार ठिकाणी घडते.

काळजीपोटी घेतलेले निर्णयही आडवे येतात. 'तिचे मूल लहान आहे, परगावची जबाबदारी नको', 'त्याला व्हीलचेअर आहे, प्लँटवर कशाला पाठवायचे' हे बोलणारा वाईट माणूस नसतो, पण त्याने त्या व्यक्तीला न विचारता तिच्या वतीने नकार देऊन टाकलेला असतो. प्रत्येक पात्र व्यक्तीला, पुरुषांनाही, एकाच शब्दांत विचारा: 'हे पद रिकामे आहे, जबाबदारी अशी आहे, प्रवास महिन्याला इतका आहे, आपला विचार करावा का?' उत्तर लेखी ठेवा. एकदा नकार आला म्हणून नाव कायमचे खोडू नका; पुढच्या वेळी पुन्हा विचारा. बढतीसाठी स्वतः अर्ज करण्याची पद्धत असेल तर ती उलटी करून पाहा: पात्र झालेला प्रत्येक जण आपोआप विचारात, ज्याला नको त्याने तसे कळवावे. जॉइस हे, सोनिया कांग आणि निकोला लासेतेरा यांच्या 2021 च्या संशोधनात अशा रचनेने स्पर्धेत उतरण्याबाबतचा स्त्री-पुरुष फरक कमी झाल्याचे दिसते.

मूल्यमापनाचा फॉर्म हाती घ्या. 'एकूण अभिप्राय' नावाची मोठी रिकामी चौकट त्यात असेल. माणसे रिकाम्या चौकटीत स्वभाव लिहितात. 'मेहनती आहे, सगळ्यांना सांभाळून घेते' हा अभिप्राय गोड आहे, पण बढतीच्या बैठकीत त्याचे वजन शून्य. 'तिमाहीत तीन थकीत करार मार्गी लावले' हे वाक्य बैठकीत काम करते. तोच ठामपणा एकाच्या फॉर्मवर 'निर्णयक्षम' आणि दुसरीच्या फॉर्मवर 'जरा आक्रमक' होऊन उतरतो. रिकामी चौकट काढा. तिच्या जागी पदाचे चार-पाच निकष छापा आणि प्रत्येकासमोर 'काय केले, केव्हा, त्यामुळे काय बदलले' यासाठी तीन ओळी ठेवा. स्वभावावरचे वाक्य लिहायचे असेल तर त्याचा कामाच्या निष्पत्तीवर झालेला परिणाम सोबत लिहावाच लागेल, असा नियम करा.

गुणांच्या पट्टीकडेही बघा. उत्तर अमेरिकेतील एका विद्यापीठात अध्यापनाचे गुण 10 च्या पट्टीवरून 6 च्या पट्टीवर आणले. पुरुषांचे वर्चस्व असलेल्या विषयांत सर्वोच्च गुण मिळण्यातली स्त्री-पुरुष तफावत त्याने नाहीशी झाली, असे लॉरेन रिव्हेरा आणि अँड्रास टिल्चिक यांनी 2019 मध्ये दाखवले. दहापैकी दहा म्हटले की डोळ्यांसमोर अलौकिक प्रतिभेची प्रतिमा येते आणि ती प्रतिमा बहुधा पुरुषाची असते; सहापैकी सहाला तेवढा भार नाही. फॉर्ममधला आकडा बदलायला काही खर्च येत नाही.

त्याहून घातक रकाना 'क्षमता', म्हणजे पुढे जाण्याची शक्यता. नऊ खणांच्या तक्त्यात एका बाजूला कामगिरी आणि दुसऱ्या बाजूला ही क्षमता असते. ॲलन बेन्सन, डॅनिएल ली आणि केली शू यांनी एका मोठ्या किरकोळ विक्री साखळीतील सुमारे 30,000 कर्मचाऱ्यांच्या नोंदी तपासल्या. महिलांना कामगिरीचे गुण सरासरीने पुरुषांपेक्षा जास्त, पण क्षमतेचे कमी मिळत होते आणि बढतीतल्या तफावतीचा मोठा वाटा त्यातून येत होता. पुढच्या वर्षी त्याच महिलांची कामगिरी त्यांच्याबद्दलच्या भाकितापेक्षा सरस ठरत होती, तरी भाकीत पुन्हा कमीच केले जाई. कामगिरीला पुरावा लागतो. क्षमतेला साहेबाचे मन लागते. हा रकाना काढणे जमत नसेल तर त्याचे तीन प्रश्न करा: गेल्या 18 महिन्यांत या व्यक्तीने कोणते नवे क्षेत्र आत्मसात केले, आपल्या पदापलीकडची कोणती जबाबदारी निभावली, कनिष्ठांपैकी कुणाला पुढे आणले. उत्तर नसेल तर रकाना कोरा ठेवा. मात्र कोरा राहिला तर पदापलीकडची संधी मिळाली होती का, हे आधी तपासा.

मातृत्वाच्या रजेचा हिशेब इथेच बिघडतो. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचा 2000 सालचा करार किमान 14 आठवड्यांची रजा सांगतो. भारतात 2017 पासून पहिल्या दोन अपत्यांसाठी 26 आठवडे मिळतात. रजा कायद्याने मिळते, पण उद्दिष्ट बारा महिन्यांचेच राहते. सहा महिन्यांत अर्धे उद्दिष्ट पूर्ण केलेली व्यक्ती मग 50 टक्के कामगिरीची ठरते. त्यात बेल कर्व्हसाठी, म्हणजे ठरावीक टक्के माणसे वरच्या, मधल्या आणि खालच्या गटात बसवण्याच्या पद्धतीसाठी, प्रत्येक प्रमुखाला खालच्या गटात कुणीतरी टाकायचे असते आणि रजेवर असलेल्या माणसाचे नाव सगळ्यांत सोपे वाटते. हे थांबवायला उद्दिष्ट कामाच्या महिन्यांच्या प्रमाणात करा. सहा महिन्यांहून कमी काम झाले असेल तर मागचे रेटिंग पुढे चालवा आणि रजेवरच्यांना बेल कर्व्हमधून पूर्ण वगळा. बढतीसाठीच्या किमान काळात रजेचा काळ धरा, परतल्यावर शून्यापासून मोजू नका. रजेआधी खाती कुणाकडे जातील आणि कोणत्या तारखेला परत येतील हे लिहून घ्या. रजेच्या काळात 'तात्पुरते' दिलेले मोठे खाते कायमचे दुसऱ्याकडे राहणे, हे परतलेल्या महिलांच्या नोकरी सोडण्यामागचे एक मोठे कारण आहे आणि ते निरोपाच्या मुलाखतीत क्वचितच सांगितले जाते.

आता कॅलिब्रेशनची बैठक, म्हणजे सगळ्या प्रमुखांनी एकत्र बसून आपापल्या माणसांचे गुण आणि बढत्या पक्क्या करण्याची बैठक. आमच्या मते सगळी मेख इथे आहे, म्हणून थोडे सविस्तर.

चाळीस नावे, दोन तास. दर नावाला तीन मिनिटे. पहिली दहा नावे निवांत होतात, शेवटची वीस घाईत. ज्याचा आवाज मोठा त्याच्या माणसाला वेळ जास्त. पहिला बोलणारा जे म्हणतो त्याभोवती बाकीचे मत फिरवतात. कुणी म्हणते, 'त्याची तयारी झाली आहे'. कुणी म्हणते, 'ती छान आहे, पण अजून एक वर्ष जाऊ दे'. या दोन्ही वाक्यांत पुरावा नाही. पण पहिल्या वाक्याने बढती मिळते आणि दुसऱ्याने जाते. 'प्रेझेन्स कमी पडतो', 'टीममध्ये बसेल का', 'क्लायंटला चालेल का' ही त्याच घरातली वाक्ये. अल्पसंख्य गटांतल्या माणसांबाबत शेवटचे वाक्य सर्वाधिक ऐकू येते आणि त्या क्लायंटला कुणीही विचारलेले नसते.

ही बैठक अशी बदला. निकष बैठकीच्या आधी गोठवा. नावे बघून निकष ठरवू नका, कारण मग ज्याचे नाव मनात असते त्याच्या मापाचा निकष तयार होतो. प्रत्येक नावाचे एक पानी पुरावापत्र सर्वांना 72 तास आधी पाठवा. प्रत्येक सदस्याने आपले गुण एकट्याने, लेखी, बैठकीआधी द्यावेत. ते मिळाल्याशिवाय बैठक सुरू करू नका. नावांचा क्रम चिठ्ठ्या टाकून ठरवा आणि एका बैठकीत पंधराहून जास्त नावे घेऊ नका. चर्चा फक्त तिथे करा जिथे गुणांत मोठा फरक आहे. जिथे सगळ्यांचे एकमत आहे तिथे वेळ घालवू नका. एक व्यक्ती निकष राखण्यासाठी बसवा. ती दुसऱ्या विभागातली आणि खोलीतल्या बहुतेकांच्या बरोबरीच्या श्रेणीतली असावी. पुराव्याविना वाक्य आले की तिने एकच प्रश्न विचारायचा: 'हे कोणत्या निकषाखाली येते?' या कामाला मनुष्यबळ विभागातला सगळ्यांत कनिष्ठ अधिकारी बसवण्याची चूक बहुतेक कंपन्या करतात. तो उपाध्यक्षाला मध्येच थांबवू शकत नाही. तीन बैठकांनंतर तो फक्त नोंदी घेत बसतो.

बढती न मिळालेल्या प्रत्येक पात्र व्यक्तीसाठी तीन ओळी लिहायला लावा: कोणता निकष पूर्ण झाला नाही, तो पूर्ण करायला कोणते काम देणार, कोणत्या तारखेला पुन्हा पाहणार. त्या ओळी पंधरा दिवसांत त्या व्यक्तीला सांगा. 'अजून एक वर्ष' या उत्तराला मग आपोआप कारण जोडावे लागते, आणि कारण नसेल तर ते उत्तर गळून पडते.

यादी अंतिम करण्याआधी बढतीच्या दरांचे गुणोत्तर काढा. 0.8 च्या खाली असेल तर सीमेवरची प्रकरणे पुन्हा उघडा, दोन्ही बाजूंची: थोडक्यात राहिलेली आणि थोडक्यात निवडली गेलेली. आकडा सुधारावा म्हणून कुणाला वर ओढू नका. तशी बढती त्या व्यक्तीलाच पुढे जड जाते. पुरावापत्र पुन्हा वाचल्यावर निर्णय तोच राहिला तर राहू द्या, कारण लिहून ठेवा. आणखी एक धोका आहे. बैठक सुधारली की निर्णय बैठकीबाहेर सरकतात. आदल्या संध्याकाळी फोनवर सगळे ठरते आणि खोलीत फक्त कागदी घोडे नाचतात. आधी लेखी दिलेले गुण आणि अंतिम यादी यांची तुलना केली की हे पकडता येते. ज्यांचे गुण सगळ्यांत खाली होते ती नावे कारणाशिवाय यादीत आली असतील तर निर्णय दुसरीकडे झाला आहे.

बाहेरून भरती करताना नावाचाही अडथळा असतो. मरिअन बर्ट्रांड आणि सेंधिल मुल्लैनाथन यांच्या 2004 च्या प्रयोगात तोच बायोडाटा श्वेतवर्णीय वाटणाऱ्या नावाने दहा ठिकाणी पाठवला की एक बोलावणे येई; कृष्णवर्णीय वाटणाऱ्या नावाने पंधरा पाठवावे लागत. भारतात सुखदेव थोरात आणि पॉल ॲटवेल यांनी 2007 मध्ये खासगी कंपन्यांकडे अर्ज पाठवून असाच अभ्यास केला. समान पात्रता असूनही उच्चवर्णीय हिंदू नावाच्या तुलनेत दलित नावाला बोलावणे येण्याची शक्यता सुमारे दोन-तृतीयांश आणि मुस्लिम नावाला सुमारे एक-तृतीयांश होती. तेव्हा पहिली छाननी नाव, छायाचित्र, पत्ता आणि जन्मतारीख झाकून करा. मुलाखतीत सगळ्यांना तेच पाच-सहा प्रश्न, त्याच क्रमाने विचारा. प्रत्येक उत्तराला लगेच गुण द्या, आणि एक गुणाचे व पाच गुणांचे उत्तर कसे असते हे आधी लिहून ठेवा. अंतिम यादीत एकच महिला किंवा एकच अल्पसंख्य उमेदवार ठेवू नका. एकटे नाव 'वेगळे' म्हणून उठून दिसते आणि त्याच कारणाने बाद होते. अमेरिकेच्या नॅशनल फुटबॉल लीगने 2003 मध्ये मुख्य प्रशिक्षकाच्या पदासाठी किमान एका अल्पसंख्य उमेदवाराची मुलाखत सक्तीची केली. निवड आधीच ठरवून नावापुरती मुलाखत उरकली जाते, ही तक्रार तिथे पुढे अनेकदा झाली. यादी मुलाखतीआधी नीट बांधा, नंतर त्यात एक नाव घुसवू नका.

पगाराबद्दल थोडक्यात. मागचा पगार विचारणे बंद करा, कारण जुन्या नोकरीतला अन्याय त्यातून नव्या नोकरीत येतो. वर्षातून एकदा त्याच श्रेणीतल्या मध्यक पगारांची तुलना करा आणि दुरुस्तीसाठी वेगळी रक्कम ठेवा. ती नेहमीच्या पगारवाढीच्या रकमेतून काढली की विभागप्रमुख एकाचे काढून दुसऱ्याला देतो आणि दोघेही दुखावतात.

मार्गदर्शक नेमण्याचे कार्यक्रम जागोजागी आहेत. मार्गदर्शक सल्ला देतो. पाठीराखा बंद दाराआड नाव घेतो. महिलांना पहिला पुष्कळ मिळतो, दुसरा फार कमी. प्रत्येक वरिष्ठाने आपल्या नेहमीच्या वर्तुळाबाहेरच्या दोन जणांची जबाबदारी घ्यावी आणि वर्षअखेर तीन प्रश्नांची उत्तरे द्यावीत: बढतीच्या चर्चेत नाव घेतले का, वरच्यांना दिसेल असे एक काम मिळवून दिले का, निर्णय घेणाऱ्या कुणाशी थेट गाठ घालून दिली का. पाठीराखा त्या व्यक्तीचा थेट साहेब नसावा. काही पुरुष अधिकारी कनिष्ठ महिलेशी एकट्याने बोलणे टाळतात आणि नुकसान त्या महिलेचे होते. सगळ्यांच्या भेटी कार्यालयीन वेळेत, ठरलेल्या उघड्या जागी, पुरुषांसाठीही तोच नियम, असे केले की टाळायला कारण उरत नाही.

अपंग कर्मचाऱ्यांसाठी एक छोटा बदल फार परिणाम करतो: स्क्रीन रीडर, सांकेतिक भाषेचा दुभाषी, रॅम्प, खास आसन यांचा खर्च विभागाच्या अंदाजपत्रकातून न काढता मध्यवर्ती निधीतून करा. खर्च विभागाच्या माथी असेल तर प्रमुखाला बढतीच्या उमेदवारात आधी खर्चच दिसतो. बढतीच्या ऑनलाइन परीक्षा स्क्रीन रीडरवर चालतात का, हे परीक्षेच्या आदल्या आठवड्यात नव्हे, विकत घेतानाच तपासा. समाजगटाची माहिती गोळा करताना ती ऐच्छिक ठेवा, सेवापुस्तिकेपासून वेगळी साठवा, थेट साहेबाला दिसू देऊ नका आणि पाचपेक्षा कमी माणसे असलेल्या कप्प्याचा आकडा छापू नका. हा विश्वास एकदा तुटला की माहिती देणारे थांबतात आणि तक्ता कायमचा आंधळा होतो.

प्रशिक्षणाबद्दल आमचे मत स्पष्ट आहे. पूर्वग्रहांवरचे एक दिवसाचे सक्तीचे शिबिर हे सगळ्यांत लोकप्रिय आणि सगळ्यांत कमी उपयोगाचे पाऊल आहे. अलेक्झांड्रा कालेव्ह, फ्रँक डॉबिन आणि एरिन केली यांनी 708 खासगी आस्थापनांच्या 1971 ते 2002 या काळातील नोंदी तपासल्या. प्रशिक्षणाचा परिणाम सर्वांत कमी होता. नावानिशी जबाबदारी ठरवली होती तिथे, म्हणजे समिती, अधिकारी आणि उत्तरदायित्व होते तिथे, व्यवस्थापनातले प्रमाण सर्वांत जास्त बदलले. शिबिराचा पैसा तक्ता सांभाळणाऱ्या माणसावर खर्च करा.

'आमच्याकडे फक्त गुणवत्ता बघतात' हा आक्षेप आम्ही गांभीर्याने घेतो, कारण आम्हालाही गुणवत्ताच हवी आहे. एमिलिओ कास्तिया आणि स्टीफन बेनार्ड यांच्या 2010 च्या प्रयोगांत संस्थेने गुणवत्तेला प्राधान्य असल्याचे ठासून सांगितले, तेव्हा सहभागींनी समान कामगिरीच्या महिलेपेक्षा पुरुषाला जास्त बोनस दिला. आपण निःपक्ष आहोत याची खात्री पटली की माणूस स्वतःला तपासायचे थांबतो. कास्तिया यांच्याच 2015 च्या अभ्यासात एका कंपनीने पगाराच्या निर्णयांना उत्तरदायित्व आणि पारदर्शकता जोडली तेव्हा तफावत कमी झाली. अमेरिकेत विविधता कार्यक्रमांविरुद्धच्या जानेवारी 2025 मधील सरकारी आदेशांनंतर अनेक कंपन्यांनी आपले असे कार्यक्रम आवरते घेतले आहेत. इथे मागितलेल्या बैठकीच्या, फॉर्मच्या आणि मुलाखतीच्या बदलांत कुणासाठी वेगळे माप नाही. मागणी आहे ती सगळ्यांना लेखी आणि एकच माप लावण्याची.

पुढच्या बढतीच्या फेरीची तारीख आपल्याकडे ठरलेली असेल. त्या तारखेच्या आठ आठवडे आधी मागच्या तीन वर्षांचा श्रेणीवार तक्ता नामांकन समितीसमोर यावा. सहा आठवडे आधी फॉर्म आणि निकष गोठवले जावेत. तीन आठवडे आधी निकष राखणाऱ्यांची नावे जाहीर व्हावीत. यादीवर सही होण्याआधी गुणोत्तराचे एक पान अध्यक्षांच्या टेबलावर असावे आणि त्यावर विभागप्रमुखाची सही असावी. पहिल्या वर्षी सगळ्या श्रेणी झेपणार नसतील तर फक्त एकच घ्या: जिथून माणूस पहिल्यांदा दुसऱ्यांच्या कामाला जबाबदार होतो ती.

आपले विश्वासू,
मूल्यमापन, बढती आणि वेतनरचना या कामांतील आम्ही काही जण